फळी बंद होती

वास्को, २८ नोव्हेंबर

ऋतिकाताई,

जे घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. मे महिन्यात तुझ्या प्रकल्पाने आमोण्याच्या नदीकाठच्या खाऱ्या खाजनातल्या चौदा शेतकऱ्यांसाठी संगणकावर पिकाचे मॉडेल चालवले. उत्तर आले ते असे : ज्योती जातीचे भात २८ मेच्या आत कोरड्यात पेरावे, उत्पन्न अठरा टक्क्यांनी वाढेल.

२. मॉडेलला जमिनीची जी क्षारता पुरवली होती ती आदल्या वर्षीच्या जुलैमधली होती. आकडा १.९. जुलैपर्यंत खाजनातले मीठ धुऊन गेलेले असते. मे महिन्यात त्याच शेतात ती ११ च्या वर असते.

३. बाबांनी आणि इतर तेरा जणांनी २७ मे रोजी पेरले.

४. बी शेतात पडल्यामुळे जूनमध्ये शेत धुता आले नाही. पाणी भरून, चिखल ढवळून, ओहोटीला सोडले असते तर बीही नदीत गेले असते.

५. रोपे जूनच्या पहिल्या आठवड्यात वर आली. शेंडे आधी तांबडे झाले. १२ जूनला शेतात हिरवे काही नव्हते.

६. तुझा अहवाल, ३० जुलै, पान अकरा : ‘मानसाच्या (नदीच्या बांधातील दाराच्या) स्थानिक देखभालीतील त्रुटीमुळे खारे पाणी आत शिरून पिकाची हानी झाली.’

७. ११ ऑगस्टला शेतकरी संघटनेच्या बैठकीत तो अहवाल वाचला गेला आणि बाबांकडून मानसाची राखण काढून घेतली. एकतीस वर्षांनंतर. मी त्या दिवशी वास्कोला होते, त्यामुळे तिथे काय बोलणे झाले ते मला ऐकून माहीत आहे.

८. काल पेडण्याच्या प्रशिक्षणात तू हेच सगळे स्लाइडवर लावलेस.

फोन मी करणार नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, हे लहानपणापासून ठरलेले आहे. मेल केला तर तो तू साहेबांना पुढे पाठवशील, वर दोन ओळी घालून. म्हणून कागद.

आमच्या प्रयोगशाळेने मला आणि सिद्धेशला सेन्सरच्या सत्रासाठी पाठवले होते, हे तुला यादीत दिसले असणार. तू पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहून मान हलवलीस, इतर चौतीस जणांकडे हलवावी तशी. ठीक आहे. तू छान शिकवतेस. हवामानाची फाइल, मातीची फाइल, वाणाचे गुणांक, मशागतीची फाइल : चार डबे, चारही भरले तरच गाडी चालते, असे तू सांगितलेस तेव्हा मागच्या बाकावरचे शेतकरीसुद्धा लिहून घेत होते. मोरजीचा तो बाबली मध्येच म्हणाला, “मॅडम, तुमच्या कंप्युटराक भरती-सुकती कळटा?” सगळे हसले. तूही हसलीस आणि म्हणालीस, “कळवली तर कळते.”

त्यानंतर पाच मिनिटांनी तेविसावी स्लाइड आली. ‘मॉडेल बरोबर, अंमलबजावणी चुकीची : आमोणे येथील अनुभव.’ खाली फोटो. मानसाची व्याख्या तू नीट दिलीस : नदीच्या बांधातले लाकडी दार, भरतीला मिटते, ओहोटीला उघडते, वरच्या फळ्या मात्र माणसाने लावायच्या आणि काढायच्या. व्याख्येत चूक नाही. फोटोतल्या फळीवर खडूच्या रेघा होत्या. त्या बाबांच्या हातच्या आहेत. तू फोटो कापून त्यांचा हात बाहेर ठेवलास, रेघा राहिल्या.

बाबलीने मान डोलावून शेजाऱ्याला सांगितले, “मनीस आळशी आसतलो.”

मी त्याला काही बोलले नाही. तो तुझे वाचून बोलत होता.

एक गोष्ट तुला आठवावी म्हणून लिहिते. या नोकरीच्या मुलाखतीत तुला विचारले होते की खाजनाची तुम्हाला काय माहिती. तू सांगितलेस, “माझे वडील विठ्ठल, आमोण्याचा मानस राखतात.” घरी येऊन तू हे आम्हाला ऐटीत सांगितले होतेस. तेव्हा नाव घेता आले.

मला काय हवे आहे ते पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता लिहिले तर नीट लिहिले जाणार नाही.

गौरवी

—

आमोणे, १ डिसेंबर

ऋतिकाताई,

तुझा निरोप काल मिळाला. चार शब्दांचे वाक्य आणि एक प्रश्न. ‘घरचे विषय ऑफिसात नकोत. रिपोर्टात बाबांचे नाव कुठे आहे?’

नाव नाही. मी तीनदा शोधले. पण आमोण्याच्या आपल्या खाजनाला मानस किती? एक. राखणारे किती? एक. तू गणितात पहिली यायचीस.

प्रवीणभावोजींचाही फोन आला होता. “गौरवी, तुजी ताय दोन दिस धड जेवूंक ना गो. कितें बरयलां तूं त्या पत्रांत?” मी म्हटले, वाचून बघा. “म्हाका दिना ती,” म्हणाले. त्यांना दे. तुझ्या घरात एकाने तरी वाचलेले बरे.

आता पुराव्याचे. मानसाच्या आतल्या अंगाला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आहे. तो तुझ्या प्रकल्पाने बसवला आणि मी कॅलिब्रेट केला. बाहेरच्या अंगाला दुसरा आहे. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. २६ मे ते १२ जून, अठरा दिवस, प्रत्येकी १,७२८ नोंदी. मी सगळ्या पाहिल्या. बाहेर नदी रोज दोनदा चढली. आत पाणी तिच्याबरोबर एकदाही चढले नाही. आतली पातळी वाढली ती फक्त पाऊस पडला त्या दिवशी, आणि दर वेळी पुढच्या ओहोटीत ती उतरली. याचा अर्थ दार मिटत होते, फळी जागेवर होती आणि राखणारा जागा होता. मीठ नदीतून आले नाही. ते जमिनीत होतेच.

हा डेटा १५ जूनला तुझ्या सर्व्हरवर गेला. अहवाल ३० जुलैचा. मधले पंचेचाळीस दिवस तो तुझ्याकडे होता. तू उघडला नसशील तर तो हलगर्जीपणा. उघडला असशील तर त्याला काय म्हणायचे ते तूच ठरव.

आता दुरुस्त्या. माझ्या आधीच्या पत्रात दोन ठिकाणी चूक आहे. दुसऱ्याच्या अहवालातल्या चुका काढणाऱ्याने आपल्या ठेवू नयेत.

मुद्दा दोन अपुरा आहे. जुलैची माती माझी होती. माझ्या पदविकेच्या कामासाठी मी बाबांच्या शेतातून नमुने घेतले होते. एप्रिलच्या शेवटी तू मला सांगितलेस की मेमधले नवे नमुने हवेत. मला शनिवारी सुट्टी होती. मी आले नाही. वास्कोहून आमोण्याला यायचे, उन्हात खड्डे खणायचे, परत जायचे, याचा मला कंटाळा आला होता. मी तुला जुलैचा आकडा पाठवला आणि लिहिले, ‘तेच शेत आहे, फार फरक नसेल.’ तू विचारलेस, ‘जुलैचा चालेल ना?’ मी लिहिले, ‘चालव.’ तो मेल माझ्याकडे आहे. तुझ्याकडेही असेल. म्हणजे जुलैचा आहे हे तुलाही माहीत होते, मलाही. खाजनात जन्मलेल्या दोन मुली. मॉडेल दुसऱ्या कोणी चालवले असते तर त्याने निदान गावात कोणाला तरी विचारले असते. आपण विचारले नाही, कारण आपल्याला माहीत होते असे आपल्याला वाटत होते.

बाबांनी तर न विचारता सांगितले होते. तू जमिनीवर लॅपटॉप मांडून आलेख दाखवत होतीस, मी वायर धरून उभी. ते म्हणाले, “शेत धुतल्याबगर बीं कशें घालतलीं गो?”

तू म्हणालीस, “बाबा, अंदूं पावस बेगीन, जून लागतांच येतलो. तोच धुयतलो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटले, “ताई सांगते ते बरोबर आहे.”

“तुमी दोगीय सांगतात, मागीर बरें,” म्हणाले आणि उठले.

चौदा जणांपैकी तेरांनी पेरले कारण विठ्ठलने पेरले. विठ्ठलने पेरले कारण आपण सांगितले. फक्त आईने ऐकले नाही. कोरगुट भाताच्या बियाण्याची एक मुडी, पेंढ्यात बांधलेली, तिने माळ्यावरून काढूच दिली नाही. “तुमच्या मशिनाक सांगा, सुमन दिना म्हणून,” असे ती म्हणाली आणि तू हसलीस. आज त्या चौदा घरांत मिळून खाऱ्या मातीत तगणारे बियाणे आहे ते तेवढेच.

दुसरी चूक मुद्दा सातमध्ये आहे. ती पुढच्या वेळी. आई दिवा लावायला बोलावते आहे.

गौरवी

—

आमोणे, ८ डिसेंबर

ऋतिकाताई,

मुद्दा सात खोटा आहे. ११ ऑगस्टला मी वास्कोला नव्हते. मी त्या बैठकीत होते. देवळाच्या मंडपात, बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून.

सगुणकाकांनी, संघटनेचे अध्यक्ष म्हणून, तुझे पान अकरा मोठ्याने वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, “विठ्ठल, कागदार बरयलां तें आयकलें मरे? फळी उगडी उरली काय?”



मागून कोणीतरी म्हणाले, “पिराय जाली न्हू तुजी. आतां घरा बस.” दोघे-तिघे हसले.

सगुणकाका त्यांना गप्प करून म्हणाले, “हांव मानीनासलों. पूण बरयलां कोणें? तुज्याच चलयेन. बापायचेर फट, खोटें कोण बरयतलें?”

हे नीट वाच. तू नाव घातले नाहीस म्हणून त्यांना वाचवले असे तुला वाटत असेल. गावाने तो अहवाल खरा मानला तो त्यावर प्रकल्पाचा शिक्का आहे म्हणून नाही. खाली ऋतिका विठ्ठल अशी सही आहे म्हणून.

बाबांनी तेव्हा माझ्याकडे पाहिले. मे महिन्यात पाहिले होते तसेच. माझ्या पिशवीत १,७२८ नोंदींची छापील प्रत होती. मी ती घेऊनच गेले होते. मी उठले असते तर पहिला प्रश्न आला असता, मग रोपे मेली कशाने? त्याचे उत्तर जुलैची माती. मी उठले नाही.

बाबा म्हणाले, “उरली आसतली.”

दोन शब्द. एकतीस वर्षांत त्यांनी मानसाबद्दल एवढे एकच खोटे सांगितले. त्यांना कळले होते की त्यांनी नाही म्हटले तर बोट आपल्या दोघींकडे वळेल, आणि त्यांनी ते स्वतःकडे घेतले. मी बघत होते. म्हणून मी रागावले आहे ते फक्त तुझ्यावर नाही, पण तुझ्यावर जास्त. मी गप्प बसले. तू मात्र तेच लिहून काढून, स्लाइड करून, चौतीस अनोळखी माणसांना शिकवलेस. उद्या ते आपापल्या गावी जाऊन शिकवतील.

आता परवाचे. शुक्रवारी मी रजा घेऊन घरी आले. मानस सध्या कृष्णनाथकडे आहे. तो वाईट माणूस नाही, पण त्याला कोळंबी हवी असते आणि भरतीला दार अडकवून फळी काढून ठेवली की कोळंबी आत येते. दुपारी चारच्या सुमारास बाबा मागच्या ओट्यावर सुपारी कातरत होते. मी जनेलात, खिडकीचे गज धरून. भरती लागली की मानसाचे दार मिटते तेव्हा धप्प असा आवाज येतो, आपल्या घरापर्यंत. लहानपणी आपण दोघी बांधावर बसून तो आला की ओरडायचो आणि बाबा खडूने रेघ मारायचे. परवा तो आवाज आला नाही.

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. थोडा वेळ कान देऊन बसले. मग उठून आत गेले, खुंटीवरचा शर्ट काढला, घातला, बटणे लावली. दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी थांबले. मग परत येऊन बसले आणि सुपारी कातरू लागले. शर्ट अंगावर तसाच.

मी म्हटले, “पाणी शेतात येत असेल.”

“येता,” म्हणाले.

“मग जा ना.”

“म्हजो न्हू आतां.”

तेव्हा मी त्यांना सांगितले की मी तुला पत्रे लिहिते आहे. कशाबद्दल तेही सांगितले, जुलैच्या मातीसकट. ते चिडतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, “तिचे नोकरेक कितें जायत?” एवढेच. मी म्हटले, काही होणार नाही, दुरुस्तीपत्रक काढतात, सगळे काढतात. ते म्हणाले, “तिका त्रास दिवं नाका. हांवें सांगलां न्हू, उरली आसतली म्हणून.”

मी त्यांच्यावर ओरडले. बाबांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. आई आतून बाहेर आली, हातात आमटी ढवळायची कुलेर, आणि म्हणाली, “ताचेर कित्याक, त्या पेडण्यावयले चेडवाचेर आड्ड!” मग स्वतःच रडायला लागली. तुला वाटत असेल की घरी सगळे शांत आहे, तर ते तसे नाही.

आता मला काय हवे ते.

रविवारी, १५ डिसेंबरला, सकाळी दहा वाजता संघटनेची वार्षिक सभा आहे. मानस कायमचा कोणाकडे द्यायचा ते त्या दिवशी ठरेल. ठरले की पाच वर्षे बदलत नाही. मी काल सगुणकाकांकडे गेले होते. नोंदी दाखवल्या. त्यांनी आलेखावर बोट फिरवले, बराच वेळ. मग म्हणाले, “बाय, तूं म्हणटा तें खरें आसत. पूण कागद प्रकल्पाचो आसा, म्हाका प्रकल्पाचोच कागद जाय. आनी विठ्ठल स्वताच उरली म्हणटा, ताका हांव फटकिरो कसो म्हणूं?”

म्हणून मी एकटी पुरत नाही. मी उभी राहून सगळे सांगितले तरी बाबा उठून म्हणतील, फळी उघडी होती. ते तुझ्यासाठी म्हणतील. त्यांचे खोटे थांबवू शकेल असे एकच माणूस आहे, आणि ते तू आहेस. तुझ्या तोंडून आले की त्यांना राखायला काही उरणार नाही.

मला तुझी माफी नको आहे. दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, प्रकल्पाच्या कागदावर एक पान, तुझ्या सहीचे : मॉडेलला दिलेली क्षारता जुलैची होती, २६ मे ते १२ जून मानस बंद होता, पान अकरावरचे कारण मागे घेतले आहे. खाली आलेख. माती कोणी पुरवली तिथे माझे नाव घाल, पूर्ण. दुसरी, ते पान तू स्वतः सभेत येऊन वाचायचेस. प्रवीणभावोजींसोबत ये किंवा एकटी ये. तेविसाव्या स्लाइडचे काय करायचे ते तुला कळते.

तू आली नाहीस तरी मी उभी राहणार आहे. जुलैच्या मातीपासून सुरू करीन. तुझे नाव जिथे लागेल तिथेच घेईन. मग बाबा माझ्याविरुद्ध बोलतील, आणि गाव त्यांचे ऐकेल, आणि जूनमध्ये आईची मुडी माळ्यावरून खाली येईल तेव्हा ती कोणाच्या हातच्या पाण्यात पेरायची हे कोणालाच माहीत नसेल. हे सगळे मी हिशेबात धरले आहे.

शर्ट त्यांनी काल दिवसभर काढला नव्हता. आज सकाळी आईने धुवायला मागितला तेव्हा दिला.

उत्तर गुरुवारी, १२ डिसेंबरला, संध्याकाळी पाचपर्यंत हवे. येतेस की नाही, एवढेच कळव.

गौरवी